नकळत घडलेली हिंसा

नकळत घडलेल्या हिंसेचा दोष लागतो काय? धर्मशास्त्राने चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा ही गृहस्थाची पाच हिंसास्थाने सांगितली. तेथे मारण्याचा हेतू नसतो. तरी शास्त्र सोडीत नाही, नित्य पंचमहायज्ञ करायला लावते.

आता कोकणातला कोळी पाहा. जाळे मासळीसाठी टाकतो, आणि अडकतो डॉल्फिन, नाहीतर कासव. हे जीव राहतात पाण्यात, पण श्वास घेतात हवेत. वर येता आले नाही की गुदमरून मरतात. जाळे कापावे तर जीव वाचतो, पण कोळ्याचे पोट बुडते. मग दयेचा खर्च त्या एकट्याने सोसायचा?

२०१८ साली महाराष्ट्र शासनाने योजना आणली : जाळे कापून असा संरक्षित जीव समुद्रात सोडणाऱ्यास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई. आपण माळकरी म्हणू, ‘मासळी आम्हांला वर्ज्य, आमचा काय संबंध?’ अहो, सरकारी तिजोरीत आपलाही पैसा आहे! कोळ्याला नावे ठेवणे ही भूतदया नव्हे. त्याच्या तुटलेल्या जाळ्यात आपला वाटा उचलणे, ही भूतदया.

नकळत घडले त्याला प्रायश्चित्त आहे. पण कळल्यावरही तसेच चालू दिले, तर ते नकळत कसले?