जिचा पती पाण्याने नेला



सन 1947 च्या जुलैच्या 17 तारखेस मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' आगबोट बुडाली व सहाशेंहून अधिक माणसे समुद्रात मेली. महाड-पोलादपूरच्या मंडळ्यांस हे दुःख परके नाही. सन 2016 च्या 2 ऑगस्टच्या रात्री सावित्रीवरील जुना पूल पडला, दोन एस. टी. गाड्या वाहून गेल्या, आणि कित्येकांची प्रेते सापडलीच नाहीत. जिला पतीस मूठमातीही देता आली नाही, ती दर पावसाळ्यात दाराकडे पाहत बसली तर नवल काय? तिच्या अश्रूंस आम्ही अविश्वास म्हणावे, हा तर क्रूरपणाच होय.

"रडू नको," असे आम्ही तिला सांगतो. नाईन गावच्या विधवेस प्रभूही तसे म्हणाला खरा. पण त्याने लागलीच तिरडीस हात लावून तिचा पुत्र उठविला. आमच्या हातांत ते सामर्थ्य नाही. मग ते शब्द आम्ही उसने का घ्यावे? समुद्रासही आपल्या पोटातील मृत परत द्यावे लागतील, असे योहानाने दृष्टांतात पाहिले (प्रकटी. 20). तोवर, उपदेशकहो, तिच्या ओटीवर मुकाट्याने बसा. तिने त्याचे नाव काढले तर ऐका.