गाणे कोणाचे? ‘कट्यार’चे माध्यमांतर आणि ऋणाचा प्रश्न

एखादी कलाकृती एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात गेली की तिच्याविषयीची चर्चा बहुधा निष्ठेच्या प्रश्नाभोवती फिरू लागते. मूळ कथानकातले काय राखले, काय गाळले, काय वाढवले, याची मोजदाद होते आणि तिच्या आधारे रूपांतरकाराला दोषी किंवा निर्दोष ठरवले जाते. कलाकृती म्हणजे तिच्या घटकांची बेरीज, हे या पद्धतीतले गृहीतक आहे. संगीत नाटकाच्या बाबतीत ते फारच अपुरे पडते. संगीत नाटकाची संहिता छापता येते, पदांच्या चाली स्वरलिपीत उतरवता येतात. परंतु रसिक ज्यासाठी पुन्हापुन्हा नाट्यगृहात जातो ती गोष्ट या दोहोंतही नसते. ती त्या रात्री, त्या नटाच्या गळ्यातून निघेल किंवा निघणार नाही. अशा कृतीचा चित्रपट करणाऱ्याने निष्ठा राखायची ती नेमकी कशाशी?

‘कट्यार काळजात घुसली’ या नाटकाच्या संदर्भात हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे हे नाटक १९६७ मध्ये रंगभूमीवर आले. त्याला जितेंद्र अभिषेकी यांचे संगीत होते आणि खाँसाहेब आफताब हुसेन यांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे होते. २०१५ मध्ये सुबोध भावे यांनी त्याचा चित्रपट केला. चित्रपट अतिशय लोकप्रिय झाला आणि संगीत नाटकाशी ज्यांचा काडीचाही संबंध नव्हता अशा तरुण प्रेक्षकांपर्यंत अभिषेकींच्या चाली पोहोचल्या. हे श्रेय निर्विवाद आहे. मात्र येथे पाहायचे आहे ते वेगळे. गाण्याला मालक असतो काय, हाच या नाटकाचा विषय आहे. त्यामुळे त्याचे रूपांतर करणारा त्या प्रश्नाच्या बाहेर उभा राहूच शकत नाही.

विश्रामपूर संस्थानच्या राजगायकपदावरून पंडित भानुशंकर जातात आणि खाँसाहेब येतात. पदाबरोबर हवेली मिळते आणि एक खून माफ असलेली कट्यारही मिळते. पंडितजींचा शिष्य सदाशिव खाँसाहेबांकडे विद्या मागतो, ती नाकारली जाते आणि तो ती चोरून ऐकून मिळवतो. मराठी वाचकाला येथे एकलव्य आठवणे अपरिहार्य आहे. फरक इतकाच, की द्रोणाचार्यांना अंगठा मागता आला; गळ्याच्या बाबतीत तशी सोय नाही. म्हणूनच बहुधा नाटककाराला कट्यारीची गरज भासली असावी.

सदाशिव चोर आहे काय? नाटकाच्या दुसऱ्याच वर्षी, १९६८ मध्ये, अमेरिकन तत्त्वज्ञ नेल्सन गुडमन यांनी बनावटीच्या प्रश्नावरून कलांचे दोन वर्ग कल्पिले. चित्राची हुबेहूब नक्कल केली तरी ती नक्कलच राहते, कारण मूळ चित्र कोणाच्या हातून उतरले याला तेथे महत्त्व असते. स्वरलिपीबद्ध रचनेचे तसे नाही. लिपीबरहुकूम झालेला प्रत्येक प्रयोग हा अस्सलच असतो. ही विभागणी प्रमाण मानली तर सदाशिव निर्दोष सुटतो, कारण जो नीट गाईल त्याचे गाणे. पण खाँसाहेबांचा दावा रचनेवर नाहीच, तो गायकीवर आहे. आणि गायकी कोणत्याही लिपीत मावत नाही. स्वर लावण्याची तऱ्हा, तानेचा वेग, समेवर येण्याची ऐट ही त्यांच्या दृष्टीने चित्रकाराच्या हाताइतकी खाजगी आहे. नाटकात एकच पद दोन चालींत, दोन गायकींत येते ते याच कारणाने. शब्द तेच असताना एका गायकीत ते निवांत उमलतात आणि दुसरीत आव्हान देऊन उभे राहतात. घराणे म्हणजे काय, हे तेथे कोणाच्याही संवादावाचून कळते.

रंगभूमीवर या वादाला एक साक्षीदार होता, तो म्हणजे नटाचे शरीर. वसंतराव खाँसाहेबांची भूमिका करीत होते आणि त्याच वेळी खाँसाहेबांना शोभेल असे खरोखर गात होते. खाँसाहेब थोर गायक आहेत, हे विधान संहितेत कितीही वेळा आले तरी त्याचा पुरावा संहितेबाहेरच सापडायचा. एखाद्या रात्री गळा साथ न देता तर नाटकातला दावाच त्या रात्रीपुरता खोटा पडला असता. पात्राने लावलेली पैज नटालाही लागू होती. ‘वन्समोअर’ या मराठी रंगभूमीवरच्या प्रथेची वास्तववादी समीक्षकांनी पुष्कळ टिंगल केली. ती कथानकाचा ओघ तोडते हे खरेच आहे. पण या नाटकात तीच प्रथा निवाड्याचे काम करीत होती, कारण प्रेक्षक येथे नुसता पाहणारा नव्हता, दरबारही तोच होता.

अशी कृती पडद्यावर नेताना सर्व काही जसेच्या तसे ठेवणे हा उपाय नव्हे, याचा दाखला जुना आहे. बालगंधर्वांना स्त्रीभूमिकेत घेऊन १९३७ मध्ये ‘साध्वी मीराबाई’ हा चित्रपट निघाला. गाणे तेच होते, गायकही तोच होता. पण दूरच्या खुर्चीवरून मान्य झालेला संकेत कॅमेऱ्याच्या जवळिकीत टिकला नाही. पन्नाशीला टेकलेल्या पुरुषाचा चेहरा तेवढा उरला.

भावे यांनी ती वाट अर्थातच धरली नाही. अभिषेकींच्या निवडक पदांच्या जोडीला शंकर-एहसान-लॉय यांच्या नव्या रचना आल्या, कव्वाली आली, संस्थानी वैभव आले. चित्रपटात खाँसाहेब दिसतात ते सचिन पिळगांवकरांच्या रूपात आणि ऐकू येतात ते राहुल देशपांडे यांच्या आवाजात. सदाशिव दिसतो तो सुबोध भावे यांच्या रूपात, आवाज महेश काळे यांचा. राहुल देशपांडे हे वसंतरावांचे नातू. महेश काळे हे अभिषेकींचे शिष्य. विद्येचा वारसा रक्ताने जातो की शिष्यत्वाने, हा नाटकातला झगडा चित्रपटाच्या श्रेयनामावलीत असा अनपेक्षितपणे उतरला आहे. आणि हे दोघेही पडद्यामागे आहेत! २०१० मध्ये नाटकाचे पुनरुज्जीवन झाले तेव्हा राहुल देशपांडे स्वतः खाँसाहेब म्हणून रंगमंचावर उभे होते. चित्रपटाने तो चेहरा बदलला आणि गळा ठेवला.

पार्श्वगायन हा भारतीय चित्रपटाचा मान्य संकेत आहे, त्याबद्दल तक्रार करणे व्यर्थ आहे, असे यावर म्हटले जाईल. एरवी ते मान्यच करावे लागेल. पण ‘माझा गळा माझाच’ असा ज्याचा जीवनभराचा हट्ट, त्या माणसाला उसना गळा देणे ही केवळ तांत्रिक बाब राहत नाही. त्यातही एक गोष्ट लक्षणीय आहे. चित्रपटातल्या तीन प्रमुख गायकांपैकी स्वतःच्या आवाजात गाणारा एकच आहे, तो म्हणजे पंडितजींच्या भूमिकेतील शंकर महादेवन. आणि कथेत आवाज गमावतो तोही तोच. दिग्दर्शकाने हे योजून केले असेल असे वाटत नाही. तथापि पंडितजींचे मौन या चित्रपटात इतके अस्वस्थ करते, त्याचे एक कारण येथे असावे. एका शरीरात नांदणारा गळा गेला, याची हानी प्रेक्षकाला तेथे खरीखुरी जाणवते.

ध्वनिमुद्रित गाणे हरू शकत नाही. ते आधीच निवडलेले, दुरुस्त केलेले आणि निर्दोष असते. त्यामुळे रंगमंचावर गाण्यातच असलेली जोखीम चित्रपटाला दुसरीकडे शोधावी लागली आणि ती त्याने अपराधात शोधली. पंडितजींचे औदार्य, त्यांनीच खाँसाहेबांना विश्रामपुरात आणणे, वर्षानुवर्षांचे पराभव, त्यातून साचलेला मत्सर आणि अखेर खाँसाहेबांच्या नकळत त्यांच्या पत्नीकडून झालेला शेंदराचा प्रयोग, हा सारा पूर्वेतिहास चित्रपट विस्ताराने उभा करतो. पटकथा म्हणून ही रचना बांधेसूद आहे. मात्र तिच्यामुळे प्रश्नच बदलतो. विद्या कोणाची, याचे उत्तर शोधण्याऐवजी प्रेक्षक अन्याय कोणी केला याचे उत्तर शोधू लागतो. आणि ते उत्तर त्याला फार लवकर मिळते. नाटकाचे सामर्थ्य ज्या गुंत्यात होते तो गुंता असा, की खाँसाहेबांचा हट्ट चुकीचा असूनही त्यांच्या गाण्यापुढे मान झुकते. अहंकार आणि साधना तेथे वेगळी काढता येत नाहीत. चित्रपटात ती पुष्कळच वेगळी निघतात.

याला दुसरीही बाजू आहे आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. क्षमा, संयम आणि सात्त्विकता एका घराण्याकडे, तर ईर्षा, क्रोध आणि कपट दुसऱ्याच्या घरात, अशी वाटणी झाली आणि त्यांतील एक घर हिंदू व दुसरे मुसलमान असले, की दिग्दर्शकाचा हेतू कितीही निर्मळ असो, पडद्यावरचा अर्थ त्या हेतूत मावत नाही. चित्रपटाला याची जाणीव आहे. उमा आणि झरीना यांचे सख्य त्याने जपले आहे, कव्वालीला प्रार्थनेची उंची दिली आहे. परंतु ही भरपाई बाहेरून जोडलेली वाटते. नाटकात खाँसाहेबांना न्याय मिळत होता तो सद्भावनेच्या प्रसंगांतून नव्हे. वसंतरावांची तान तो मिळवून देत होती. ज्या संगीतपरंपरेत मुसलमान उस्तादांचे ऋण पिढ्यान्‌पिढ्या मान्य केले गेले, तिच्यातील एका उस्तादाचा दोष दाखवायचा तर त्याच्या गाण्याचे वजन पारड्यात पूर्ण पडले पाहिजे. समीपदृश्यात डोळे वटारणारा चेहरा ते वजन घटवतो.

तेव्हा रूपांतरकाराचे ऋण कथानकाशी नाही, चालींशीही नाही. मूळ कृतीने स्वतःला ज्या धोक्यात घातले होते त्याचे तुल्य काही नव्या माध्यमात उभे करणे, हे ते ऋण होय. चित्रपटाला ते अशक्य आहे असे मानण्याचे कारण नाही. ऐकणाऱ्याचा चेहरा रंगभूमीला कधीही इतक्या जवळून दाखवता आला नव्हता. लपून ऐकणारा सदाशिव हा तर कॅमेऱ्यासाठीच निर्माण झालेला प्रसंग. चोरी आणि साधना यांतली सीमारेषा त्या ऐकण्यात कोठे पुसली जाते, हे दाखवण्याची संधी होती. ती अंशतः घेतली गेली, आणि मग पुढच्या घटनेची घाई झाली.

२०१५ या वर्षासाठी महेश काळे यांना या चित्रपटातील गायनाबद्दल राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याआधी ‘बालगंधर्व’ या २०११ च्या चित्रपटासाठी आनंद भाटे यांना तो मिळाला होता. तेथेही पडद्यावर सुबोध भावेच होते. त्यानंतर २०२२ मध्ये ‘मी वसंतराव’ प्रदर्शित झाला. त्यात राहुल देशपांडे यांनी आजोबांची भूमिका स्वतः केली आणि गाणेही स्वतःच गायले. चेहरा आणि गळा पडद्यावर पुन्हा एकत्र आले. त्यांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याचे नाव मात्र पार्श्वगायनाचा पुरस्कार असेच होते.