वाट कोणाची?



पावसाळा सरला की आपल्या वऱ्हाडात रविवारी पहाटे हेल्मेट घातलेले सायकलस्वार दिसू लागतात. अमरावतीहून वलगाव, आसेगाव, परतवाडा असे सुमारे पन्नास किलोमीटर सपाटीने जायचे आणि पुढे धामणगाव गढीवरून सलोना, मोथा करीत चिखलदऱ्याचा घाट चढायचा, ही अनेकांची आवडती वाट. अकोल्याची मंडळी अकोटमार्गे पोपटखेड गाठतात आणि नरनाळ्याच्या पायथ्याशी विसावतात. ज्यांचा दम मोठा, ते ‘बीआरएम’ नावाच्या लांब पल्ल्याच्या स्वारीत उतरतात. तिथे दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करावे लागतात. आपल्या धर्मग्रामातील तरुणही यात आहेत. ते मिस्सा चुकवून जात नसावेत, अशी आमची आशा आहे!

या छंदाविषयी वडीलधारी माणसे एक प्रश्न विचारतात: “एवढा घाम गाळून मिळवलं काय?” प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या भागात घाम गाळला जातो तो कपाशीच्या आणि तुरीच्या शेतात, संत्र्याच्या बागेत. सायकल चालवली ती दूधवाल्याने, गवंड्याने, शाळामास्तराने, आणि तीही दुसरे वाहन परवडत नव्हते म्हणून. ज्यांनी आयुष्यभर पोटासाठी पायडल मारले, त्यांना हौसेने घाट चढणारा माणूस थोडा वेडा वाटला तर नवल नाही.

तरीही ख्रिस्तसभेची शिकवण खेळाला तुच्छ लेखत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात या प्रश्नाचा विचार केला होता. शरीर श्रमाने थकते तसे मनही थकते आणि मनाची विश्रांती म्हणजे आनंद, असे ते सांगतात. त्यासाठी ते प्रेषित संत योहान यांची जुनी गोष्ट देतात. योहान आपल्या शिष्यांसोबत खेळताना दिसले म्हणून काहींना खटकले. योहानांनी त्यांच्यापैकी एका धनुर्धाऱ्याला बाण मारायला सांगितले, पुन्हा पुन्हा मारायला सांगितले आणि विचारले, असे सतत करता येईल काय? तो म्हणाला, तसे केले तर धनुष्य मोडेल. मनाचेही तसेच आहे, हे योहानांचे उत्तर होते. पोप बारावे पायस यांनी तर १९४९ साली इटलीतील गिसाल्लो टेकडीवरच्या मरियामातेला सायकलस्वारांची आश्रयदाती म्हणून घोषित केले. तिथे पोहोचायलाही चांगलाच चढ चढावा लागतो.

पण संत थॉमस यांनी खेळाला मर्यादाही घातल्या आहेत. त्यांतील एक अशी की, खेळ हा स्थळ, काळ आणि माणसे यांना शोभणारा असावा. आपल्या विचाराला खरी सुरुवात इथून होते. घाटातला रस्ता आपल्यासाठी खेळाची जागा आहे. पण ते स्थळ कोणाचे? तिथली माणसे कोण?

सायकलचे वैशिष्ट्य असे की ती हे प्रश्न टाळू देत नाही. इव्हान इलिच हे धर्मगुरुपदाची दीक्षा घेतलेले विचारवंत. त्यांनी १९७४ साली लिहिले की, सायकलवरचा माणूस पायी चालणाऱ्यापेक्षा तिप्पट-चौपट वेगाने जातो, आणि तरीही त्याला शक्ती मात्र पाचपट कमी लागते. वेग एका मर्यादेपलीकडे गेला की माणसामाणसांतील अंतर वाढते, हेही त्यांनी दाखवून दिले. मोटारीच्या काचेआडून आपल्याला डोंगर दिसतो. सायकलवरून डोंगराबरोबर डोक्यावर मोळी घेतलेली बाई दिसते, हातपंपावरची रांग दिसते, दप्तर घेऊन चाललेली मुले दिसतात. चढावर तर आपला वेग त्यांच्या चालण्याइतकाच होतो. मग ‘आम्हांला दिसलेच नाही’ ही सबब उरत नाही.

संत लूकच्या शुभवर्तमानातील दयाळू शोमरोन्याचा दाखला आठवा. यरुशलेमहून यरीहोकडे जाणारी वाट हाही एक घाटच आहे. जेमतेम पंचवीस किलोमीटरमध्ये ती हजार मीटरहून अधिक उतरते. त्या वाटेवरच्या याजकाला आणि लेव्याला जखमी मनुष्य दिसला नाही, असे प्रभू येशू म्हणत नाही. दोघांनाही तो दिसला. दिसल्यावर ते बाजूने निघून गेले. दोष डोळ्यांचा नव्हता. शोमरोनीही प्रवासीच होता, त्यालाही कुठेतरी पोहोचायचे होते. पण ती वाट नुसती ओलांडून जाण्याची जागा आहे, असे त्याने मानले नाही.

आता आपल्या वाटेकडे पाहू. पोपटखेडच्या पुढे जंगलाची जी शांतता सायकलस्वाराला मोहवते, ती फुकट मिळालेली नाही. मेळघाट व्याघ्र प्रकल्प १९७३-७४ साली स्थापन झाला. वाघाला निवांत जंगल हवे, म्हणून या शतकाच्या आरंभी बोरी, कोहा, कुंड ही गावे जंगलातून उठवून अकोट तालुक्यात सपाटीवर वसविण्यात आली. त्यांच्यामागून आणखी गावे आली. यांतील बहुतेक कोरकू कुटुंबे. त्यांची भाषा वेगळी, देवस्थाने त्या डोंगरात, पूर्वजांच्या खुणाही तिथेच. २०१९ च्या जानेवारीत पुनर्वसित गावांतील काही लोक, कबूल केलेल्या सोयी मिळाल्या नाहीत म्हणून, परत जंगलात गेले. त्या वेळी झालेल्या संघर्षात गावकरी आणि वनकर्मचारी दोघेही जखमी झाले.

आम्ही इथे न्यायनिवाडा करीत नाही. वाघ जगला पाहिजे, जंगल राहिले पाहिजे. आपल्या पूर्णेला पाणी देणाऱ्या शहानूर, चंद्रभागा या नद्या याच डोंगरांतून येतात. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात सांगितले की, पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश वेगवेगळे ऐकता येत नाहीत. आमचे म्हणणे एवढेच की, ज्या शांततेसाठी कुणीतरी आपले घर सोडले, तिचा आस्वाद घेणारा माणूस त्या घराचा ऋणी असतो. आनंद घेणे पाप नाही. आनंदाची किंमत कुणी मोजली, हे विचारायचेही टाळणे, ही मात्र पापाची सुरुवात असू शकते.

कुणी म्हणेल, “फादर, सायकलस्वाराने यात करावे तरी काय? तो काही पुनर्वसन अधिकारी नव्हे.” खरे आहे. एकटा माणूस सगळे ऋण फेडू शकत नाही. पण फेडता येत नाही म्हणून ऋणच नाही, असे होत नाही. इटलीचा जिनो बार्ताली हा श्रद्धावान कॅथोलिक सायकलपटू. त्याने १९३८ आणि १९४८ साली फ्रान्सची मोठी शर्यत जिंकली. मधल्या महायुद्धाच्या काळात सरावाच्या निमित्ताने तो मैलोन्मैल सायकल चालवी आणि सायकलच्या नळीत लपवून यहुदी कुटुंबांसाठी बनावट ओळखपत्रे पोहोचवी. या कार्याबद्दल यरुशलेमच्या याद वाशेम संस्थेने २०१३ साली त्याचा मरणोत्तर सन्मान केला. रस्ता तोच, सायकल तीच, पायही तेच. फक्त त्या वाटेवर इतरांसाठीही जागा होती.

आणि फार दूर जायलाच नको. अमरावतीहून परतवाड्याकडे निघाले की वलगावजवळ पेढी नदी लागते. तिथेच २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. आयुष्यभर फिरलेला हा वऱ्हाडचा माणूस. कोणत्याही गावात शिरला की आधी हातात खराटा घेई आणि गाव झाडी. काम केल्याशिवाय कुणाची भाकर खात नसे. गावाने आपले स्वागत करावे, अशी त्याची अपेक्षा नव्हती. गावात येणाऱ्यानेच आधी काही द्यावे, हा त्याचा नेम होता. तो ख्रिस्ती नव्हता, पण शेजारधर्म त्याच्याकडून शिकायला आपल्याला कमीपणा वाटू नये. शोमरोनी तरी कुठे यरुशलेमच्या मंदिरातला होता?

म्हणून आपल्या तरुणांना आमचे सांगणे आहे: जरूर जा. चिखलदऱ्याचा घाट चढा, मोथ्याला थांबा, सृष्टीच्या निर्मात्याचे आभार माना. पण जाताना गाडगेबाबांचा नेम थोडा पाळा. पाण्याच्या बाटल्या आणि वेष्टने परत आणा, वाटल्यास दुसऱ्याने टाकलेलीही उचला. खाण्यापिण्याचे शहरातून बांधून नेण्याऐवजी गावातल्या टपरीवर चहा घ्या आणि घासाघीस करू नका. कुणाचा फोटो काढण्याआधी त्याचे नाव विचारा, आपले सांगा. वनखात्याचे नियम पाळा. घरी आल्यावर किती किलोमीटर झाले हे सांगाल, तेव्हा वाटेत कोण भेटले आणि त्याला काय कमी आहे, हेही सांगा. ज्यांच्या घरी जुनी सायकल गंजत पडली असेल, त्यांनी ती दुरुस्त करून शाळेत पायी जाणाऱ्या एखाद्या मुलाला द्यावी. आपल्या धर्मग्रामाने एवढे केले तरी एखाद्या लेकराची रोजची पायपीट वाचेल.

जे सायकल चालवीत नाहीत त्यांनीही हा प्रश्न स्वतःला विचारावा. आपण सगळेच रोज कुणाच्या तरी दारावरून जातो.

स्वतः वाटेने चालणारा, थकून विहिरीच्या काठावर बसणारा आणि परक्या स्त्रीकडे पाणी मागणारा प्रभू येशू आपल्या सर्वांच्या वाटेवर सोबत असो. आमेन.

आपले धर्मगुरू