जोर लावावा की तेल सोडावं?

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



आपल्या कोसाड-अमरोलीत बरीच कुटुंबं खानदेशातून आलेली. पोट सुरतेला, पण आखाजी आली की मन गावाला पळतं. यंदा आम्हीही शहादा तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो होतो. तिथे जे पाहिलं ते तुम्हा सर्वांना सांगावंसं वाटलं.

अंगणातल्या निंबाखाली सासऱ्यांच्या वेळचा नऊ दात्यांचा कल्टिव्हेटर पडून होता. वाटणीत तो दोघा भावांत सामाईक राहिला. विहिरीच्या पाण्यावरून आमचे मिस्टर आणि मोठे दादा यांचं बोलणं बंद झालं, त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून कल्टिव्हेटरला कुणी हात लावला नाही. सामाईक गोष्ट आधी गंजते, हे तिथे डोळ्यांना दिसलं.

पुतण्याने यंदा फाळ बदलायचे ठरवले. एका फाळाला दोन बोल्ट, म्हणजे एकूण अठरा. पहिल्याच नटाला त्याने फिक्स पाना लावला, पान्यात लोखंडी पाइप घातला आणि सगळा जोर टाकला. नट हलला नाही, त्याचे कोपरे मात्र गोल झाले. आता पाना धरणार कुठे?

मग गावातले म्हातारे फिटर आले. ते म्हणाले, "अरे, हा नट हट्टी नाही, फुगलेला आहे. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा खातो. आट्यांत जागाच उरली नाही तर तो फिरेल कसा?" त्यांनी तारेच्या ब्रशने माती काढली, प्रत्येक नटावर डिझेल-तेल सोडलं, हातोडीने हलके ठोके दिले आणि चक्क घरी निघून गेले! ठोक्याने गंजाला बारीक भेगा पडतात आणि रात्रभरात तेल त्यातून आत उतरतं.

सकाळी त्यांनी सहाही कोपरे धरणारा रिंग पाना लावला. गंमत म्हणजे आधी नट किंचित आवळला, मग सैल केला. थोडं पुढे, थोडं मागे. जे नट तरीही हलेनात, त्यांचं तेल नीट पुसून त्यांनी फक्त नटाला आंच दिली. नट गरम होऊन पसरतो आणि बोल्टवरची पकड सुटते. दुपारपर्यंत सोळा बोल्ट निघाले. दोन मात्र ग्राइंडरने कापावे लागले.

आम्ही ओट्यावर बसून पाहत होतो आणि आतून लाज वाटत होती. दोन वर्षांपूर्वी घरच्या लग्नात, हळदीच्या मांडवात, आम्हीच दोघा भावांचे हात ओढून एकमेकांच्या हातात दिले होते. "माफ करून टाका, सगळे बघतायत," असं म्हणालो होतो. दादा न जेवता उठून गेले. हेतू चांगला होता, पण पान्यात पाइप घातला होता ना! कोपरे आम्हीच गोल केले.

चांगल्या गोष्टीसाठी केलेली बळजबरी ही बळजबरीच का? आम्हाला वाटतं, हो. क्षमा आतून सुटते, बाहेरून ओढून काढता येत नाही. साने गुरुजी आपल्या खानदेशात अंमळनेरला शिक्षक होते. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून ते आधी महाराष्ट्रभर फिरले, लोकांशी बोलले, आणि मग मे 1947 मध्ये उपोषणाला बसले. उपोषण हाही जोरच, असं कुणी म्हणेल. पण त्यांनी तो जोर स्वतःच्या देहावर लावला.

मग नुसतं थांबायचं का? "जाऊ द्या, वेळ सगळं ठीक करते," असं म्हणत आम्ही सात वर्षं थांबलो होतो. त्याने गंजच वाढला. तेल सोडून थांबणं वेगळं आणि पावसात टाकून थांबणं वेगळं. पहिल्याला सबुरी म्हणतात, दुसऱ्याला आळस.

आणि ते दोन कापलेले बोल्टही विसरू नका. एखाद्या लेकीला सासरी मारहाण होत असेल, तर तिला "अजून थोडं तेल घाल" म्हणणं हे पाप आहे. तिथे कापणंच धर्म. फक्त ग्राइंडर हे पहिलं हत्यार नसावं, इतकंच.

गावाहून आल्यापासून मिस्टर दर रविवारी पुतण्याला फोन करतात आणि दादांच्या गुडघ्याची चौकशी करतात. त्यापलीकडे काही नाही. गेल्या रविवारी मागून दादांचा आवाज आला, "त्याला सांग, पेरणी झाली की कळवू." निरोप पुतण्यासाठीच होता, पण नऊ वर्षांत पहिल्यांदा आला. अर्धा आटा फिरला म्हणायचा. आम्ही अजून जोर लावलेला नाही.

फिटरकाकांनी जाताना नव्या बोल्टांना ग्रीस लावलं आणि म्हणाले, "आत्ताच लावा, म्हणजे पुढच्या वेळी मला बोलवावं लागणार नाही."

या आठवड्याची सेवा: आपल्या घरातला एक गंजलेला नट आठवा. आज फक्त तेल सोडा. पाना उद्या.

जय गुरुदेव 🙏🌼