गैरहजेरीचीही नोंद ठेवा

फीवाढीवरून या आठवड्यात सगळ्याच पक्षांनी एकमेकांची सभागृहातली जुनी मतं उकरून काढली, ते बरंच झालं. संताप आला तो एकाच खुलाशाचा: ‘मी बाजूनं मत दिलंच नाही, मी तेव्हा सभागृहात नव्हतो.’ आणि हे सांगताना चेहऱ्यावर केवढं समाधान!

ब्रिटननं ही सबब पुरेपूर अनुभवली आहे. 2010च्या निवडणुकीआधी लिबरल डेमोक्रॅट उमेदवारांनी विद्यार्थी संघटनेच्या प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या. ‘फीवाढीच्या विरोधात मत देईन’ असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. पक्षाचे नेते निक क्लेग यांनी त्या कागदासह फोटोही काढून घेतला. निवडणुकीनंतर पक्ष सत्तेत भागीदार झाला आणि आघाडीच्या करारात त्यानं सोय करून घेतली, की फीच्या प्रश्नावर आमचे खासदार तटस्थ राहू शकतील. 9 डिसेंबरला इंग्लंडमधल्या विद्यापीठांची कमाल वार्षिक फी 3,290 पौंडांवरून 9,000 पौंडांवर नेण्याचा प्रस्ताव 323 विरुद्ध 302 मतांनी मंजूर झाला. पक्षाच्या 57 खासदारांपैकी 28 बाजूनं, 21 विरोधात आणि आठ जण कुठेच नाहीत.

हे कुठेच नसणं मला सगळ्यांत जास्त खुपतं. ‘बाजूनं मत देणार नाही’ एवढंच वचन असतं, तर गैरहजर राहूनही ते पाळलं गेलं असतं. वचन विरोधात मत देण्याचं होतं. कर्जाला जामीन राहायचं आणि हप्ते थकल्यावर ‘मी त्या दिवशी गावात नव्हतो’ म्हणायचं, हे कोणती बँक ऐकून घेईल? सही करताना हजर होतात ना? तटस्थ राहायचं होतं, तर कागदावर तसं लिहायचं होतं. मग किती विद्यार्थ्यांनी तुम्हाला मतं दिली असती, तेही कळलं असतं.

आपल्याकडे तर कायद्यानंच याचा निकाल लावला आहे. 1985च्या पक्षांतरबंदी कायद्यानुसार पक्षादेश मोडून विरुद्ध मत देणारा जसा अपात्र ठरू शकतो, तसाच मतदानापासून दूर राहणाराही. पक्षाच्या लेखी गैरहजेरी हे कृत्य आहे. मग मतदारासमोर ती योगायोग कशी होते?

ब्रिटनमध्ये बाजूनं मत देणाऱ्यांचं म्हणणं होतं, की तिजोरी रिकामी आहे आणि फीसाठीचं कर्ज ठरावीक पगार सुरू झाल्यावरच फेडायचं आहे. या मुद्द्यांवर निदान वाद तरी घालता येतो. विरोधात मत दिलेल्या मजूर पक्षाचीही आरती ओवाळायला नको. वाढीव फी लावणार नाही, असं 2001च्या जाहीरनाम्यात सांगून 2004मध्ये त्यानंच वाढीव फीचं विधेयक आणलं आणि दुसऱ्या वाचनात ते अवघ्या पाच मतांनी तरलं. क्लेग यांनी 2012मध्ये माफी मागितली, तीही वचन दिल्याबद्दल. 2015मध्ये त्यांचा पक्ष आठ जागांवर आला.

तिथे निदान कोणी काय केलं, हे नावानिशी कळतं. आपल्या विधिमंडळात बहुतेक विधेयकं आवाजी मतदानानं मंजूर होतात. ‘होय’चा गलका झाला की संपलं, कुणाचं तोंड उघडं होतं आणि कुणाचं मिटलेलं, ते कुणालाच कळत नाही. मतविभागणी मागा म्हटलं की वेळेचं कारण पुढे येतं. अभिनंदनाच्या भाषणांना तासन्‌तास मिळतात. त्यातली पंधरा मिनिटं इकडे द्या.