परमुलखातलं गाणं कोणाचं?

१८३० साली संगीतकार फेलिक्स मेंडेलसोन जर्मनीहून इटलीत गेला तेव्हा एकवीस वर्षांचा होता. घरचं उत्तम, पोटापाण्याची चिंता नाही, चित्रं काढायचा नाद. व्हेनिस, रोम, नेपल्स असं हिंडता हिंडता त्यानं ‘इटालियन’ सिंफनी लिहायला घेतली. गंमत अशी, की तिथलं गाणंबजावणं त्याला फारसं रुचलं नव्हतं. ऊन, चित्रं, माणसांची धांदल मात्र भावली. म्हणून या सिंफनीत इटलीच्या चाली शोधायला गेलं तर हाती फार काही लागत नाही. सुरुवातीला फुंकवाद्यं भराभर स्वर उगाळत राहतात आणि त्यांच्यावरून व्हायोलिनं उसळी मारतात, ती लगबग म्हणजे त्याची इटली. रोमकडचा साल्तारेल्लो हा उड्यांचा नाच तेवढा शेवटच्या भागात उघडपणे येतो. आणि तिथं एक चमत्कार आहे: शुद्ध गंधारानं उघडलेली ही रचना कोमल गंधारावर मिटते. आनंदी म्हणून नावाजलेल्या सिंफनीनं असा शेवट करावा, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

१३ मे १८३३ ला लंडनमध्ये त्यानं स्वतः ती सादर केली. श्रोते खूश झाले, तो झाला नाही. पुढं दुरुस्त्या करत बसला, पण छापायला दिली नाही. ती छापली गेली १८५१ मध्ये, तो जाऊन चार वर्षं झाल्यावर. पाहुणा म्हणून पाहिलेल्या मुलखाबद्दल आपण फार ऐटीत बोललो की काय, अशी शंका त्याला आली असेल का? हा माझा तर्क. पण त्याची इटली जर्मन वाद्यवृंदाच्या घडणीतच बोलते, हे खरं.

आमच्या परभणी भागातल्या एका प्रवाशाचं उलट झालं. नामदेवांचं जन्मगाव म्हणून मानली जाणारी नरसी १९९९ मध्ये हिंगोली वेगळं होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होती. परंपरा सांगते, की नामदेव उत्तरेत गेले आणि पंजाबात घुमानला बराच काळ राहिले. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत, १८ रागांत. ही मांडणी नामदेवांची म्हणता येणार नाही. गुरू अर्जनदेवांनी १६०४ मध्ये या ग्रंथाचं पहिलं रूप, आदिग्रंथ, सिद्ध केलं, त्यात ती अशी लागली. म्हणजे मेंडेलसोननं परका मुलूख आपल्या सुरांत बसवला आणि नामदेवांचे शब्द परक्या मुलखानं त्याच्या सुरांत बसवून घेतले. दुसरा मान मला मोठा वाटतो. यजमानानं रोज गावं, असं किती पाहुण्यांच्या वाट्याला येतं?

त्यातलं भैरव रागातलं एक पद पाहा. हलक्या जातीचा म्हणून नामदेवांना देवळातून हाकलतात, ते मागच्या बाजूला जाऊन बसतात आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड फिरवतं. ही कथा आमच्याकडे औंढा नागनाथाच्या देवळाकडे बोट दाखवून सांगतात. आमचा कीर्तनकार उभा राहून, टाळ-मृदंगाच्या साथीत, दृष्टान्त पेरत ती रंगवतो. गुरुद्वारात कीर्तन करणारे रागी मांडी घालून, हार्मोनियम-तबल्यावर, पदाच्या शब्दांना धरून गातात. जातीच्या अपमानाची ही गोष्ट शेकडो मैलांवर धर्मग्रंथाचा भाग म्हणून गायली जाते आणि आमच्यातल्या कितीतरी वारकऱ्यांच्या कानांवरून ते पद कधी गेलेलंही नसतं! नामदेवांचे मराठी अभंग पाठ, हिंदी पदं मात्र ‘तिकडची’, अशी आपण वाटणी करून टाकली आहे.

ही पदं शिकायची सोय लांब नाही. त्या अठरा रागांत तोडी, बिलावल, सारंग, मल्हार, कानडा अशी आपल्या गायन क्लासातली नेहमीचीच नावं आहेत. शीख परंपरेतली त्यांची रूपं आपल्या रूपांशी कुठं जुळतात आणि कुठं फारकत घेतात, हे रागींसमोर बसूनच कळेल. अमृतसरला जाणारी सचखंड एक्सप्रेस परभणीला थांबते. आणि तेवढंही जायचं नसेल तर नांदेडचा गुरुद्वारा अगदी शेजारच्या जिल्ह्यात आहे.