रस्त्याचा हक्क



सूरह अर्-रहमानमध्ये अल्लाहने आकाश उंचावल्याचा उल्लेख केला आणि त्याबरोबरच तोल प्रस्थापित केल्याचाही. त्या तोलात लबाडी करू नका, ही ताकीद आपण बहुधा दुकानातील तराजूपुरतीच समजतो. डोंगर, नाला, खाडी आणि मानवी वस्ती यांच्यातही एक तोल आहे. नाल्याची वाट अडवून भिंत उभारणारा हा कमी माप देणाऱ्या व्यापाऱ्याचाच भाऊ होय.

मुंब्रा-कौसा पाहा. एका अंगास पारसिकचा डोंगर, दुसऱ्या अंगास खाडी आणि मध्ये दाटलेली वस्ती. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतील असंख्य मुस्लिम कुटुंबे येथे आसऱ्यास आली. जीव मुठीत धरून निघालेल्या माणसाने विकास आराखडा तपासून घर घ्यावे, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल. परंतु त्याच्या निकडीचा ज्यांनी व्यापार केला, त्यांचे काय? ४ एप्रिल २०१३ रोजी जवळच शिळफाटा येथे बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत कोसळली व ७४ जणांचा मृत्यू झाला. त्यांत लहान मुलेही होती. असे मजले चढवणारा, त्याकडे डोळेझाक करणारा आणि स्वस्त मिळते म्हणून सर्व जाणूनही विकत घेणारा, या तिघांचा जाब सारखा नसेल. पण जाबातून कोणीही सुटणार नाही.

आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी रस्त्याच्या रुंदीबाबत वाद झाल्यास सात हात जागा सोडण्याचा निर्णय दिला. सात हात म्हणजे सुमारे दहा फूट. काहीजण हा आकडा पुढे करून आजच्या अरुंद गल्ल्यांचे समर्थन करतात. मला हे पटत नाही. त्या काळी लादलेला उंट हे रस्त्यावरचे मोठे वाहन होते. आज अग्निशमन बंब व रुग्णवाहिका आहेत. वाट सर्वांच्या गरजेइतकी हवी आणि ती शेजाऱ्याच्या मर्जीवर सोडता येत नाही, हे त्या निर्णयामागील तत्त्व आहे. आपल्या पूर्वजांना ते नीट उमगले होते. ट्युनिसच्या इब्न अर्-रामी या बांधकामातील जाणकाराने चौदाव्या शतकात भिंती, सांडपाणी, धूर आणि शेजाऱ्याच्या अंगणात डोकावणाऱ्या खिडक्या यांच्या निवाड्यांवर एक ग्रंथच लिहिला. आपल्याकडे वुजूच्या मसल्यांवर तासन्‌तास चर्चा होते (आणि ती व्हावीच), मात्र वुजूचे पाणी कोणाच्या दारात साचते, हा मसला कोणी विचारत नाही.

मदीनेच्या कडेला राहणाऱ्या बनू सलिमा या कबिल्याची हकीकत आपण ऐकली असेल. मस्जिदीजवळ जागा मोकळी झाली, तेव्हा त्यांनी तिकडे स्थलांतर करण्याचे ठरवले. प्रेषितांनी (स.) त्यांना आपल्याच घरांत राहण्यास सांगितले, त्यांचे प्रत्येक पाऊल नोंदले जात होते. शहराची कड ओसाड पडू नये, अशीही त्यांची इच्छा होती. हे वाचताना मनात विचार येतो, की आपल्या उपनगरांत पावले नोंदली जाण्यासाठी पाऊल टाकायला जागा तरी कोठे आहे? मस्जिद दोनशे पावलांवर असते. पण पदपथावर दुकानाचा माल आणि त्यापुढे उभी मोटारसायकल, म्हणून सत्तरीचे आजोबा रिक्षाने येतात, नाहीतर येणेच सोडून देतात. मुलाला मक्तबात पाठवताना आईचा जीव टांगणीला लागतो. रस्त्यातून त्रासदायक वस्तू दूर करणे ही ईमानची एक शाखा आहे, असे आपण मुलांना शिकवतो. मात्र ती वस्तू बहुधा आपलीच असते.

महानगरपालिकेने नाले साफ करावेत, मैदाने राखून ठेवावीत, नव्या इमारतींना वाट व पाणी पाहूनच परवानगी द्यावी, ही मागणी आपण जरूर करावी व चिकाटीने करावी. परंतु कोणत्याही अर्जावाचून करता येण्याजोगे एक काम आहे. प्रत्येक मस्जिदीच्या विश्वस्तांनी मोजपट्टी घेऊन दारापासून मुख्य रस्त्यापर्यंतची वाट मोजावी. कोठे किती जागा अडली आहे आणि कोणी अडवली आहे, ते कागदावर लिहावे. पुढच्या जुम्याला तो कागद नमाजींसमोर वाचून दाखवावा. मोजणीचा आरंभ मात्र मस्जिदीच्या स्वतःच्या पायरीपासून व्हावा. ती रस्त्यात किती पुढे आली आहे, ते आधी पाहावे.